दुपारचा ध्रुव

बसा ना गोपीनाथराव, उभे का — पंखा लागणार नाही, लाईट गेलीय — आणि पाणी मागितलंत तरच देईन, कारण माझ्या घरचं तुम्हाला चालतं का ते मला ठाऊक नाही. पुष्पाच्या हळदीला आशागडहून बायका आल्या, बोलावणं द्यायला क्वार्टर्समधलं एक घर सोडलं नाहीत, आणि माझ्या दारावरून तुमची मंडळी सरळ पुढे गेली. का? नवऱ्याला सोडून आलेली बाई हळदीला नको. तुम्ही कशाला बोलताय, मीच सांगते. आणि आज लेकीच्या लग्नात, भर दुपारी, डोक्यावरचा फेटासुद्धा न काढता तुम्ही माझ्या घरात — ध्रुवावरून अडलंय, तुमच्या शिकवण्यानं अडलंय, एवढं दारातूनच ऐकवलंत — म्हणजे मंडपात बिनसलंय आणि बिनसवलंय मी, या मनोरमाबाईनं. असंच ना?

थांबा, पुढचं मला कळलं. भटजींनी बोट वर केलं, ध्रुव बघ म्हणाले, आणि नवरीनं 'दिसला' म्हणायच्या आत तुमची धाकटी मध्ये बोलली. अदितीच ती. सातवीत आहे माझ्या वर्गात, परवाच विचारत होती — बाई, दिवसा तारे कुठे जातात? कुठे जाणार? तिथेच असतात. सूर्य हाही ताराच, फक्त आपल्या जवळचा, त्याच्या उजेडापुढे बाकीच्यांचं काही चालत नाही. काय म्हणालात? तारा तिथे असतोच, मग दिसला म्हणायला काय जातं? अहो, असणं वेगळं आणि दिसणं वेगळं — सातवीच्या पोरांना कळतं हे. आणि भटजींनी बोट केलं कुठे? डोक्यावर, मंडपाच्या कापडाकडे? आपल्या डहाणूत ध्रुव डोक्यावर नसतोच कधी. उत्तरेला, झाईच्या बाजूला, पार खाली असतो, ताडाच्या शेंड्याआड जाईल इतका खाली. म्हणजे रात्र असती तरी त्या पोरीला मंडपाचं कापडच दिसलं असतं.

मला पण कापडच दिसलं होतं. निळं होतं, एका जागी फाटलेलं — जाऊ दे. मी म्हटलं 'दिसला', सगळ्याच म्हणतात, कुणी विचारत नाही खरंच दिसला का. नवऱ्याला तर कुणी विचारतच नाही. आणि दाखवायचा कशासाठी, तर तो अढळ म्हणून. अढळ कसला — पृथ्वीचा आस डुलतो, भोवरा थांबायच्या आधी डुलतो तसा, फार सावकाश. काही हजार वर्षांपूर्वी उत्तरेला दुसराच तारा होता, पुढे आणखी तिसरा येईल. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते, आणि तरी मंडपात — ते असो. तुम्ही माझ्याविषयी ऐकायला आलेला नाहीत.

पोरांना मी काय वाईट शिकवते ते तरी सांगा. पोरं म्हणाली, आकाशगंगा पट्ट्यासारखी का दिसते, तर मी त्यांना चिकूच्या वाडीत नेलं, मधोमध नाही, एका कडेला उभं केलं. वाडीच्या आत बघा म्हटलं — झाडामागे झाड, दाट, फटच नाही. आता वर बघा — दोन-चार फांद्या आणि मोकळं. तसेच आपण आकाशगंगेच्या आत उभे आहोत, कडेच्या बाजूला, आणि आडवं बघितलं की ताऱ्यांची गर्दी पट्टा होऊन दिसते. मग अदितीनं विचारलं, आपली वाडी संपली की पुढे काय? म्हटलं, मोठं मोकळं रान, आणि पलीकडे दुसरी वाडी, तिचं नाव देवयानी, तिच्यातून निघालेला उजेड इथे पोचायला वीस लाखांहून जास्त वर्षं लागतात. बारा वर्षांच्या पोरीनं एवढं मोठं काही ऐकलं आणि मग मंडपात खोटं ऐकून तिला राहवलं नाही, तर तुम्ही तिला मारलंत? मारलं असेल तर इथे बसू नका, सरळ—

काय?

अदिती नाही?

पुष्पा. पुष्पा म्हणाली? स्वतः?

ती — अहो, ती वर्गात कधी तोंड उघडायची नाही. हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी सातवीत होती, झाईच्या किनाऱ्यावर नेलं होतं सगळ्यांना, बाकीच्या पोरी 'दिसला दिसला' करून नाचल्या, आणि ही एकटी म्हणाली, बाई, मला नाही दिसला. मी रागावले नाही. म्हटलं, नसेल दिसला तर नाहीच म्हणायचं. एवढंच बोलले होते. तेवढं धरून बसली?

भटजींनी पुन्हा विचारलं तरी तेच? आणि उंबरगावचे व्याही म्हणतात, अपशकुन झाला, नवरीनं दिसला म्हटल्याशिवाय नेत नाही. आणि ती म्हणते — नीट सांगा, काय म्हणते — बाईंना बोलवा, बाईंनी म्हण सांगितलं तर म्हणेन.

म्हणून आलात होय.

आणि सुनिल? नवरा मुलगा शेजारीच होता ना, तो काय बोलला? आईकडे बघत बसला? माझा पण असाच बघत बसायचा, सहा वर्षं, मला काहीही म्हटलं कुणी तरी आईकडे बघायचा. मी म्हटलं ना, दिसला. मग पुढे घरात जे जे दाखवलं ते सगळं मला दिसलंच पाहिजे, असं झालं.

हात जोडू नका. एक शब्द बोला म्हणता, एका शब्दानं पोरीचं सगळं सुरळीत होईल — तोच शब्द बोलले होते मी, आणि ज्याच्यामुळे तुमच्या हळदीला मी चालत नाही ते त्याच शब्दानंतर झालं. तुमच्या हातून तिला निरोप पाठवू? बाईंनाही दिसला नव्हता, म्हणून? नाही सांगायचे तुम्ही. वाटेतच बदलून टाकाल.

चप्पल कुठे गेली माझी — हां. येते मी. मागच्या खुर्चीत बसणार नाही, नवरीच्या शेजारी उभी राहीन, आणि सगळ्यांसमोर तिनं विचारलं की खरं तेच सांगेन. अजून न्यायचंय मला? नसेल न्यायचं तरी येणार आहे.

सरका दारातून.