काझीच्या दाढेवर बेपत्ता झालेला इसम मिळून आल्याबाबत

किनारा ठाणे, अफ्तास तागूत

मी, महजूब बिन बेलईद अबूदरार, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी प्राथमिक शाळेत अरबीचा शिक्षक, हल्ली निवृत्त, राहणार अफ्तास तागूत, वरची आळी, जुन्या शाळेमागे, आज सकाळी ठाण्यात आपण होऊन आलो असून सार्जंट बन्नासर यांच्यासमोर बसून सांगतो की,

काल संध्याकाळी याच टेबलाशी मी माझा भाचा बिही बिन हमाद, वय ३४, धंदा होड्यांचे सुतारकाम, हा समुद्रात बेपत्ता झाल्याची खबर दिली होती. हा जबाब त्या खबरीला जोडून घ्यावा.

बिही हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणापासून माझ्याच घरी वाढला. त्याचे वडील सार्डिनच्या होडीवर होते. त्यांच्यासंबंधीचा जबाबही मीच दिलेला आहे. तेव्हा हे ठाणे बंदराच्या गोदामात भरत असे. तो इथे पुन्हा सांगत नाही.

हमूशच्या चहाच्या टपरीबाहेर शाळेचा जुना काळा फळा टांगलेला आहे. शाळेला पांढरा फळा मिळाला तेव्हा हा टाकून देणार होते, तो मी मागून आणला. त्यावर रोज पहाटेच्या नमाजानंतर मी त्या दिवसाचा समुद्राचा अंदाज खडूने लिहितो. आकडे हमूशच्या फोनवरचे असतात, आकाश आणि पाणी मी टेकडीवरून पाहतो. हा अंदाज मुख्यतः ‘काझीची दाढ’ या खडकासाठी असतो. भूशिराच्या टोकाला, पाण्याखाली, हा खडक सरळ महासागराकडे तोंड करून आहे. मध्ये बेट नाही, बांध नाही, कसला आडोसा नाही. त्यावर फुटणाऱ्या लाटेवर फळी घेऊन स्वार होण्यासाठी लोक दूरदूरच्या देशांतून येतात. नवशिक्याचे तिथे काम नाही, कारण खाली वाळू नसून कातळ आहे आणि पडलेल्या माणसाचा निवाडा तो तिथल्या तिथे करतो. म्हणून काझी.

कालच्या अंदाजाचा मजकूर पुढीलप्रमाणे होता. आरंभी चार ओळी छंदात होत्या, त्या सार्जंटसाहेबांनी नको म्हटल्याने गाळतो.

“लाट वायव्येकडून. दोन पुरुष उंच, मागून येणाऱ्या याहून थोर. दोन लाटांमधले अंतर लांब, म्हणजे ती फार दुरून चालत आली आहे आणि दमलेली नाही. वारा शर्गी, दिवसभर. लाटेचा माथा उभा धरील. दुपारपर्यंत ओहोटी. पाणी अर्धे उतरेपर्यंत जाणत्यांनी जावे. नंतर दाढ उघडी पडेल, तेव्हा जाणत्यांनीही जाऊ नये. बाहेर पडायची वाट एकच, दक्षिणेची खाच.”

शर्गी म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा. ‘दमलेली नाही’ याचा अर्थ साहेबांनी विचारला. लाटेत जोर आहे असा त्याचा अर्थ आहे. साहेबांनी तसे लिहून घेतले.

मी फळा लिहीत असताना बिही टपरीवर आला. त्याच्यासोबत त्याची बायको इज्जा होती. त्याने बदामाच्या चटणीत बुडवून अख्खी भाकर खाल्ली. फळ्याकडे बघून तो मला म्हणाला, “मामा, आज कविता लांब आहे, म्हणजे लाट मोठी.”

मी म्हणालो, “कविता सोड. खालची ओळ वाच.”

“वाचली.”

“मोठ्याने वाच.”

“मी काय तिसरीत आहे?”

यावर इज्जा म्हणाली, “तिसरीत असतास तर निदान मास्तरांचं ऐकलं असतंस.” हमूशने चहा ओतता ओतता विचारले की त्यांच्या घरचे छप्पर गळते आहे ते कधी दुरुस्त होणार. इज्जा म्हणाली, “समुद्र शांत झाला की. आणि समुद्र शांत झाला की हा म्हणतो, आज मासे आहेत.” सर्वजण हसले. बिहीने फळी काखेत मारली आणि गेला. जाताना त्याने खालची ओळ मोठ्याने वाचली, तीही माझ्या आवाजाची नक्कल करून.

त्याच्याबरोबर दोन पोर्तुगीज पाहुणे गेले होते. पाणी अर्धे उतरल्यावर ते दोघे फळ्यावर लिहिल्याप्रमाणे खाचेतून बाहेर आले. बिही त्यांना म्हणाला होता की एक शेवटची घेतो आणि येतो. त्यांनी किनाऱ्यावरून पाहिले ते असे की, त्याने घेतलेली लाट मध्येच कोसळली, तो तिच्या पोटात गेला, आणि मागून आणखी लाटा आल्या. त्यानंतर तो दिसला नाही. हे त्यांनी टपरीवर येऊन हातवारे करून सांगितले. हमूशला त्यांची भाषा येते, तरी त्याने भाषांतर केले नाही. गरज पडली नाही.

थोड्या वेळाने फळीचा अर्धा तुकडा लाटांनी बंदराच्या पायऱ्यांवर आणून टाकला. इज्जाने तो उचलला आणि घरी न नेता ठाण्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. तो अजून तिथे आहे. फळा पुसू का, असे मला हमूशने विचारले. राहू दे, असे मी म्हणालो.

ठाण्याची गस्तीची होडी लगेच बाहेर काढली गेली. परंतु दाढेजवळ पाणी उकळत असल्याने ती बाहेरच्या बाजूनेच फिरत राहिली. किनाऱ्याने शोध घ्यायला शिपाई शाकिर, हमूश आणि मी असे तिघे निघालो. भूशिराला वळसा घालून आम्ही कड्यावरून दक्षिणेकडे चालत गेलो. तिथे खाली बायकांची खाडी आहे.

ओहोटीला गावातल्या बायका या खाडीत उतरून खडकाला चिकटलेले काळे शिंपले, म्हणजे शिणाणे, खरवडून काढतात, तिथेच विस्तवावर उकडतात आणि वाळत घालतात. त्यासाठी त्यांना कपडे गुडघ्यांच्या वर खोचून पाण्यात उभे राहावे लागते. त्या खाली असताना पुरुष कड्यावरून खाली पाहत नाहीत. निरोप द्यायचा असेल तर कड्यावर दगडांची रास आहे तिथे उभे राहायचे, समुद्राकडे पाठ करायची आणि ओरडायचे. खालून उत्तर येते, ते ऐकून निघायचे. माझ्या आजोबांच्या वेळेपासून असेच आहे. निरोप कधी चुकलेला नाही.

शिपाई शाकिर हे डोंगराकडचे असून त्यांची बदली नुकतीच झाली आहे. ते कड्याच्या काठाकडे जाऊ लागले, तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

ते म्हणाले, “मास्तर, मला फक्त पाण्यात बघायचंय.”

मी म्हणालो, “पाण्यातच त्या उभ्या आहेत. पाठ फिरवा.”

“माणूस बुडालाय आणि आपण डोंगराशी बोलत उभं राहायचं?”

“तुमच्या घरी आया-बहिणी नाहीत का? फिरवा पाठ.”

शाकिर यांनी पाठ फिरवली. त्यांचा यात काही दोष नाही, हे स्पष्ट नोंदवावे. मी सांगितले म्हणून फिरवली. पस्तीस वर्षे वर्गात सांगितल्यावर माझ्या आवाजाला तशी सवय झाली आहे.

आम्ही तिघे रांगेत उभे राहिलो आणि मी ओरडून विचारले, “बायांनो, बिही दिसला का?” दुसऱ्यांदा हमूश ओरडला; त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. उत्तर आले नाही. आम्ही बराच वेळ थांबलो. शर्गी समोरून तोंडावर येत होती, तिच्याबरोबर धूळ होती. मी डोळे पुसत होतो ते धुळीमुळे, असे हमूशने नंतर सर्वांना सांगितले आहे. ते बरोबर आहे.

उत्तर नाही म्हणजे त्यांना काही दिसलेले नाही, असे मी धरले आणि आम्ही परत फिरलो. परतताना मी काहीतरी पुटपुटत होतो, असे शाकिर म्हणतात. तिसरीला पाठांतराची एक कविता होती. दुपारच्या वेळी सगळा वर्ग ती एका सुरात म्हणायचा आणि खिडकीतून समुद्राचा आवाज त्यात मिसळायचा. बिहीला तिची दुसरी ओळ कधीच आली नाही. दुसरी ओळ आली की तो खिडकीबाहेर बघायचा. मी ती दुसरी ओळ म्हणत होतो. साहेबांनी ओळ विचारलेली नाही, म्हणून सांगत नाही.

दिवस कलताना असरचा नमाज झाल्यावर मी ठाण्यात येऊन खबर दिली. इज्जा बाहेर फळीच्या तुकड्याशेजारी बसून होती. ती रडली नाही. आत येऊन बसायला सांगितले तेव्हा म्हणाली, “मास्तर, आत गेले तर त्याचा कागद होईल.”

सूर्य मावळायच्या थोडे आधी बायका नेहमीप्रमाणे गाढवांवर शिणाण्यांची पोती लादून खाडीतून वर आल्या. सर्वांच्या पुढे ममास होती. ममास ही त्यांच्यातली वडीलधारी, वय तिला स्वतःला माहीत नाही. मागून येणाऱ्या एका गाढवाचा कासरा धरून निळी चादर डोक्यावरून पांघरलेली एक उंच बाई लंगडत येत होती. ठाण्यासमोर आल्यावर ती बाई नसून बिही आहे, असे निदर्शनास आले.

घडले होते ते असे. लाटांनी बिहीला दाढेच्या दक्षिणेच्या खाचेत ओढले. तिथून प्रवाहाने भूशिराला वळसा घालून त्याला बायकांच्या खाडीच्या तोंडाशी आणून सोडले. बायकांनी आपले कमरेचे दोर एकमेकांना गाठी मारून जोडले, ममास छातीभर पाण्यात उतरली, आणि त्याला बाहेर ओढले. त्याची पाठ व पाय कातळाने सोलले होते आणि खांदा निखळला होता. खांदा ममासने तिथेच बसवला. नंतर त्याचा ओला रबरी पोशाख काढून त्याला चादरीत गुंडाळले, विस्तवाशेजारी निजवले आणि बार्लीची पेज पाजली. आम्ही कड्यावर आलो तेव्हा तो झोपलेला होता.

याबाबत ममासचे आणि माझे ठाण्यासमोर बोलणे झाले, ते असे.

ममास म्हणाली, “मास्तर, तुम्ही विचारलंत, आम्ही सांगितलं. सगळ्याजणींनी घसा फोडून सांगितलं, आहे, आहे, जिवंत आहे. एकीने पातेलं वाजवलं. तुम्ही मान डोलावलीत आणि निघून गेलात.”

मी म्हणालो, “मी मान डोलावली नाही.”

“पाठीमागून तसंच दिसलं.”

“तो वारा माझ्या अंगरख्याच्या टोपीत शिरला होता.”

“वाऱ्याचं मला सांगू नका. सकाळी फळ्यावर काय लिहिलं होतंत?”

शर्गी, दिवसभर, असे लिहिले होते. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असल्यामुळे आमचा प्रश्न खाली त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांचे उत्तर पुढे समुद्रावर निघून गेले. एरवी खारा वारा असतो, तो उत्तर कड्यावर आणून देतो. पाठ फिरवलेली असल्याने त्यांचे हातवारे आम्हाला दिसले नाहीत. त्यांना वाटले निरोप पोचला, घरच्यांना कळले, आता पोराला झोपू द्यावे. म्हणून त्यांनी वर कोणाला पाठवले नाही.

इज्जा उठून बिहीजवळ गेली. तिने त्याला नीट पाहिले, चादरीचे टोक हातात धरले आणि विचारले, “ही चादर कोणाची?”

“माझी,” ममास म्हणाली. “धुऊन परत दे. आणि याला निदान एक महिना छपराखाली ठेव.”

“छप्पर गळतंय,” इज्जा म्हणाली, आणि मग खाली बसली. पुढचे बायकांनी पाहिले. आम्ही पुरुष पाठ फिरवून उभे राहिलो. शाकिर यांना या वेळी सांगावे लागले नाही.

बिही बायकांच्या खाडीत होता याबद्दल गावात कोणाचीही तक्रार नाही. ममासने असे ठरवून दिले आहे की, यापुढे शर्गी असेल त्या दिवशी निरोप घेऊन येणाऱ्या पुरुषांनी तोंड समुद्राकडे करून उभे राहावे, पण डोळे मिटून. हात हलले की नाही ते डोळे मिटून कसे दिसणार, असे हमूशने विचारले. त्यावर ममास विचार करीत आहे.

काल खबर देताना साहेबांनी बेपत्ता इसमाच्या ओळखीच्या खुणा मागितल्या होत्या. बरेच दिवस पाण्यात राहूनही ज्या जात नाहीत तेवढ्याच सांगा, असे ते म्हणाले होते. त्याप्रमाणे मी सांगितल्या: हनुवटीखाली पटाशीचा व्रण, खालचा पुढचा दात अर्धा, उजव्या पायाची करंगळी आखूड. आज साहेब विचारतात की मिळून आलेला इसम तोच आहे, हे या खुणांवरून पडताळून पाहिले काय. पाहिले नाही. तसे सुचले नाही. त्या वेळी तो इसम गाढव रस्त्यात सोडून माझ्या अंगावर ओरडत येत होता की, “मामा, पाठ फिरवून कोणी माणूस शोधतं का?” एवढ्यावरून मी त्याला ओळखले.

सबब मी कालची खबर मागे घेत आहे.

वरचा सर्व मजकूर साहेबांनी मला ऐकू येईल असा सावकाश वाचला. बिहीही शेजारी बसून ऐकत होता. त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती मी घेतलेली नाही. मी बोललो तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे. खुणांमध्ये काल साहेबांच्या अटीमुळे एक न सांगता ठेवली होती, ती आता शेवटी भरून घ्यावी: डोळे पिंगट.

(सही) महजूब बिन बेलईद अबूदरार