एक तण दाखवा

साहेब : रागावू नका मावशी, पण शेत म्हटलं की ओळी दिसायला हव्यात. इथे नुसतं रान माजलंय.

मावशी : उचलली जीभ, लावली टाळ्याला! सोळा बायका नऊ वर्षं राबतोय इथे.

साहेब : माझ्या हातात काय आहे? मागच्या वर्षीची नोंद ‘पडीक’. यंदाही पडीक लागली की तुमचा करार रद्द, जमीन गोदामवाल्यांना. नियमच आहे तसा.

सून : ती नोंद केली कुणी? तुम्हीच ना?

साहेब : मीच.

सून : तरी मी सांगत होते आई, पुढचे चार वाफे तरी सरळ ओळीत लावू. साहेबलोकांना ओळीच दिसतात.

मावशी : सोंगं कशाला करायची? साहेब, हे घ्या खुरपं. अख्ख्या शेतात कुठेही जा आणि मला एक तण दाखवा. सापडलं, तर तुमच्या ‘पडीक’वर मी स्वतः अंगठा उठवते.

सून : आई! बाकीच्यांना न विचारता पैज?

मावशी : तू गप गं.

साहेब : एकच? अहो, हे काय, पायाशीच...

मावशी : उपटू नका! रताळ्याचा वेल आहे तो.

साहेब : बरं. आणि मक्याला गुंडाळलंय ते?

मावशी : चवळी. मका तिला आधार देतो, ती जमिनीला खत देते. खाली भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात. तीन जावा एका घरात नांदाव्यात तसं चाललंय, फक्त भांडणं नाहीत.

सून : आमच्या घरी जावा नाहीत. भांडायला सासू पुरते.

साहेब : हा झेंडू तरी शोभेचाच ना?

सून : शोभेला वेळ कुणाला आहे? टोमॅटोची मुळं पोखरणारे किडे असतात ना, ते झेंडूमुळे कमी होतात.

साहेब : थांबा, सापडलं! ही बघा, लाल देठांची, जमिनीवर पसरलेली. हिला मी चांगला ओळखतो. आई आमच्या अंगणातून रोज उपटायची.

मावशी : उपटून टाकायची कुठे?

साहेब : टाकायची म्हणजे... कढईत. घोळ आहे ही. भाजी करायची आई. विसरलोच होतो मी.

सून : साहेब, खरं सांगा. मागच्या वर्षी तुम्ही आत आला होतात?

साहेब : नाही. गाडीतूनच बघितलं. त्या दिवशी चाळीस जमिनी होत्या.

सून : गाडीतून! आणि आम्ही वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतोय!

मावशी : इथे विटांचे तुकडे आणि काचा होत्या साहेब. टोपल्यांनी वाहिल्या आम्ही. हातावर अजून वण आहेत, हे बघा. ही जमीन गेली ना, तर सकाळी उठून मी जायचं कुठे?

साहेब : बसा मावशी. पंचाईत अशी आहे, फॉर्मवर पिकाच्या नावाला एकच चौकोन आहे.

सून : मग मागे कागद जोडा. मी सांगते, लिहा. मका, चवळी, भोपळा, रताळी, टोमॅटो, तीळ, अंबाडी...

साहेब : हळू, हळू. हं... एकोणीस. वीस शेवगा. एकवीस घोळ. आणि खाली लिहितो, मागची नोंद जागेवर न उतरता केली होती, चूक माझी. ही सही.

सून : चूक तुमची, असं लिहिलंत? नोकरीला त्रास नाही व्हायचा?

साहेब : बोलणी खावी लागतील. पण ‘पडीक’ खोडायला कारण लागतं, आणि खरं कारण तेवढंच आहे.

सून : आई, जिंकलो! जमीन राहिली आपल्याकडे! अहो, रडताय काय?

मावशी : रडू दे गं. वर्षभर दाबून धरलं होतं.

सून : पण उद्याचं काय? सगळ्याजणी कचेरीपुढे धरणं धरणार होतो. फलकसुद्धा रंगवून ठेवलेत.

मावशी : उद्या कुणाला वेळ आहे? रताळी काढायला झालीत.