आत्याचा हत्ती

ते रेटिंगचं मला कुणी सांगूच नका. आमच्या गेवराईत बुद्धिबळात आकडे न्हाईत, दर्जे हायेत, अन् ते माझी कांताआत्या ठरवती. तुमच्याशी खेळताना तिनं स्वतःचा वजीर काढून ठेवला, तर तुमी कच्चे. एक हत्ती काढला, तर पक्के. सगळे मोहरे मांडले, तर बरोबरीचे. मी कैक सालं पक्क्यातच अडकून पडलेलो.

दिवाळीच्या सुट्टीत बीडला स्पर्धेला गेलतो. समोर पुण्याचा एक जण आला.

"रेटिंग किती तुमचं?"

म्हणलं, "रेटिंग न्हाई. पण पक्का हाय."

"पक्का म्हणजे किती?"

"म्हणजे आत्या माझ्याशी एक हत्ती कमी घेऊन खेळती."

तो लई हसला. "माझं सतराशे आहे. आत्याचं किती?"

"तिचंबी न्हाई."

हसण्याच्या भरात त्यानं घोडा फुकट दिला. मग हसू गेलं, मग वजीर गेला, अन् शेवटी त्यानं हार मानून हात पुढं केला.

"आता तरी सांगा, पक्का म्हणजे किती?"

"सतराशेच्या वर कुठंतरी. नक्की आकडा आत्याला विचारावा लागंल."

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. ती पट मांडायला लागली. सवयीनं मीच तिचा हत्ती उचलून बाजूला ठेवला.

"कावून काढला रे?" आत्या म्हणली. "ठेव त्याच्या जागेवर."

डाव मी हरलो. पण एवढी छाती फुगवून मी आजवर कधी हरलो न्हाई!