बाजारात चालली

इंग्रजी समजते म्हणून लय मिरवू नका, गड्यांनो. रविवारी बायकोसंग मोबाईलवर इंग्रजी पिक्चर पाहून राह्यलो होतो. नाटकावरून काढलेला, नवरा-बायकोच्या भांडणाचा. तिले इंग्रजी येत नाही, मी मराठीत सांगत होतो.

त्यातली बाई नवऱ्याले म्हणे, वीस वर्षांत तू माह्यं एक ऐकलं नाही. आमच्या घरी रोज हेच चालते, मी कायले सांगू? म्हटलं, "चहा घेता का, विचारते."

"पाच मिनिटं नुसता चहाच?"

तेवढ्यात ती बाई सुटकेस घेऊन निघाली.

"आता कुठं चालली?"

"बाजारात."

सोमवारी सकाळी पाहतो तं बायको दारात, हातात सुटकेस.

"कुठं चालली वो?"

"बाजारात."

आज चौथा दिवस. म्हणून तं तुमच्या घरी चहा पिऊन राह्यलो.