नाडीचं दुसरं टोक

— झोपा म्हणे आत जाऊन! आणि तुम्ही बसणार इथे, माझ्या सासूबाईंजवळ? का बरं? माझ्या झोपेचं तुम्हाला काय पडलंय? बसा त्या खुर्चीवर — आधी तो कपड्यांचा ढीग उचला, टाचण्या आहेत त्यात, नाहीतर चर्चमध्ये सांगत सुटाल, शिवणवालीकडे सेवेला गेले आणि टोचून घेऊन आले. हसू नका, हसण्यासाठी नाही बोलले. पाळकसाहेबांनी पाठवलं म्हणता, बरं. त्यांना कोणी सांगितलं? स्वप्न पडलं? नणंदबाईंनी सांगितलं असणार — पुढच्या रांगेत उभी राहून गाते ती, गळा चांगला आहे, नाही कशाला म्हणू — पण त्या गळ्यातून आणखी काय काय बाहेर पडतं ते मला विचारा.

मागे तुमच्यातल्या दोघी आल्या, पातेलंभर सूप घेऊन. सासूबाईंनी एक चमचा घेतला आणि थुंकला. मीच प्यायले सगळं, उभ्याउभ्या — चांगलं होतं, मीठ कमी. मग तुमच्याच मंडळीतला तो प्लंबर, नळ दुरुस्त करून गेला, पैसे सोडा, चहासुद्धा घेईना! असा प्लंबर बघितलाय तुम्ही? मी नळ सोडतेय, बंद करतेय, आता गळेल, मग गळेल — नाही गळत, मेला. त्या दोघींनी जाताना डोळे मिटून प्रार्थना केली. मी नाही मिटले. म्हटलं, कपाटाकडे कोण बघतंय ते तरी कळेल. आणि रविवारी काय? भर उपासनेत, माइकवरून — आजींना अंथरुणात होतं, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या! आख्ख्या मंडळीला कळलं, कोणाची चादर ओली होते. देवाला सांगायचं तर हळू सांगा ना, त्याला काय कमी ऐकू येतं?

काय बघताय? नाडी आहे. पायजम्याची नाडी, माझ्याच शिवणातली. एक टोक त्यांच्या मनगटाला, एक माझ्या. आता जा, सांगा नणंदेला — तुझी वहिनी तुझ्या आईला बांधून ठेवते. तिला तेवढंच हवंय. वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय तिनं, खिडकीची, ऊन येतं म्हणे. पोटची मुलगी ती, तिचा शब्द चालणार. मी कोण? यांचा मुलगा होता तोवर सून होते. आता तो नाही, मग मी कोण, शिवणवाली! तशी वाईट नाही ती. म्हणते, वहिनी, मरशील अशानं. मी बरी मरेन.

नीट बघा ती गाठ — लांबून नको, इकडे या. त्यांच्या बाजूची सैल आहे, जरा ओढली की सुटते. माझी पक्की. मग बांधलंय कोणाला, सांगा ना! एकदा एका चपलेवर बाहेर पडल्या, बेकरीत जाऊन उभ्या — माझा मुलगा आलाय का इथे? बेकरीवाला काय सांगणार? तेव्हापासून ही नाडी. त्या उठल्या की माझा हात ओढला जातो, मी जागी होते. म्हणजे — झोपले तर जागी होईन. झोपतेय कुठे? झोप लागली आणि ओढ कळलीच नाही, तर? मग नाडी कशाला, म्हणाल. विचारा, विचारा, तोंडावर दिसतंय तुमच्या.

त्या ओढतात. उठायला नाही, पडल्यापडल्याच. पलीकडे कोणी आहे का, बघतात. मग मी ओढते इकडून, की झोपतात. जन्मभर मला नावानं हाक नाही मारली या बाईनं — ए, इकडे ये, ए, भांडी घास. आता नाव आठवतच नाही. पण ओढतात. हे वृद्धाश्रमातली खिडकी करणार आहे का?

अहो — अहो, काय करताय? माझी गाठ कशाला सोडताय? सोडा — म्हणजे सोडू नका! तुमच्या हाताला बांधताय? डोकं फिरलंय का तुमचं? सांगितलं नाही मी तसं करायला... अशी नाही, मनगटाच्या वर घ्या, काचेल तुम्हाला. आणि ऐका, त्यांनी ओढलं की लगेच नाही ओढायचं, दचकतात. जरा थांबायचं. मग दोनदा, हलकं. मी इथेच बसलेय, या भिंतीला टेकून, आत-बित जाणार नाही. लक्ष आहे माझं. डोळे मिटले तरी ऐकतेय मी, कपाट उघडलंत तर कळेल... नणंदेला सांगायचं तर सगळं सांगा, गाठीचंसुद्धा, सैल कोणती ते...

बघा — ओढलं त्यांनी. ओढलं ना? थांबा जरा... हं, आता... दोनदा... हल—