नको कोण म्हणालं?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आज तुम्हाला सांगतो. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी अंबरनाथला वीज कचेरीत कारकून होतो. मोरिवलीत घरोघर जाऊन कोणाला वीज हवी, ते लिहून आणायचं होतं. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर जायचा मला कंटाळा आला, म्हणून मी लिहून टाकलं, 'पाड्यावरच्या लोकांना वीज नको.'

गावात खांब उभे राहिले, पाडा अंधारातच राहिला. मग पाड्यानंच नको म्हटलं असं कळल्यावर तिथली हिराबाई चालत कचेरीत आली.

"साहेब, आमच्यातला कोन नको बोलला, त्याचा नाव सांगा. आमी समजावू त्याला."

"नाव लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग जाऊ द्या. तुमाला उगाच तरास दिला," म्हणत तिनं हात जोडले.

आणि मी तिला म्हणालो, "असू दे."