आग्र्याचं प्रस्थान

...आणि वर सासरे मलाच विचारतात, ‘जावईबापू, ही आग्र्याची कल्पना कोणाची?’ कोणाची म्हणजे? माझीच! पण मी म्हटलं होतं, दोघंच. दोघंच जायचं ठरलं होतं हो... मी आणि संयोगिता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगतो, या पंचवीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो असू तर भाजी आणायला, आणि तिथेही कोणी ना कोणी भेटतंच, बडोदं आहे ते! म्हणून ठरवलं, आग्रा. गुरुवारी ताज, शुक्रवारी किल्ला आणि फतेहपूर सिक्री, शनिवारी परत. लोक याला ‘ट्रिप’ म्हणतात. मी म्हणत नाही. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसानं पत्नीला ‘ट्रिपला येतेस का’ असं विचारायचं? मी रीतसर म्हटलं, ‘संयोगिते, आपण पर्यटनास जाऊ या.’ ती म्हणाली, ‘अहो, आधी गॅस बंद करा, दूध उतू जातंय!’ पण हसली. म्हणजे होकार!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? तिनं गावातच, गोरव्याला, माहेरी फोन केला. तिचे वडील सुभानराव, घराणं गायकवाडी फौजेतलं. फौज जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण आवाज अजून घोड्यावरून उतरलेला नाही. ‘जावईबापू! आमच्या पूर्वजांनी उत्तरेत घोडी नाचवली, आणि तुम्ही तिथं तिकीट काढून आत शिरणार?’ म्हटलं, ‘आबासाहेब, आता ऑनलाइन मिळतं.’ तर म्हणतात कसे, ‘मग आमचंही काढा.’

झालं! त्यांचं काढायचं म्हणजे सासूबाईंचं आलं, सासूबाई म्हणजे मेहुणा प्रतापसिंह आला, प्रतापसिंह म्हणजे त्याची बायको, मुलं, आणि मुलांच्या मावशीचा ताज पाहायचाच राहिला होता, तिचं मन कोण मोडणार? निम्मा डबा आमच्याच माणसांचा! दोघंच जायचं ठरलं होतं हो...

त्यात सासूबाई, येसूबाई, पंचांग उघडून बसल्या. ‘बुधवारी निघता? उत्तरेला? दिशाशूल आहे!’ म्हटलं, ‘आई, गाडी बुधवारचीच आहे, रेल्वेला कसला दिशाशूल?’ ‘नसेल. तुम्हाला आहे. प्रवास तुमचा, आम्ही नुसते सोबतीला. दोघांनी प्रस्थान ठेवा.’

आता प्रस्थान म्हणजे काय, तर निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपली एक वस्तू, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे शास्त्रानं आपण निघालोच. देह काय, मागाहून येतो. ती वस्तू घरी परत आणायची नाही, जाताना उचलायची आणि पुढे व्हायचं. लोक एखादी सुपारी ठेवतात. मी म्हटलं, विधी करायचा तर अर्थाला धरून करावा, प्रवासाचं प्रस्थान आहे, प्रवासाचीच वस्तू हवी... आणि आम्हा दोघांची सबंध बॅग नेऊन ठेवली! सोमवारी, उत्तरेकडच्या शेजारी, रसिकभाईंकडे. ‘अरे नारायणभाई, तमारी बॅग ए मारी बॅग! चिंता ना करो!’

बुधवारी संध्याकाळी दारात रिक्षा उभ्या, सगळं सैन्य सज्ज, मी बॅग घ्यायला गेलो, तर रसिकभाईंच्या दाराला हे एवढं कुलूप! फोन लावला. पलीकडे ढोल. ‘कोण? नारायणभाई? अरे, तुम्ही अजून गेला नाय? आम्ही तर पादरा गावाला, भाचीच्या साखरपुड्याला! चावी? चावी तो मारी पासे छे!’

म्हटलं, जाऊ दे बॅग, कपडे तिथे घेऊ. सासूबाई कडाडल्या, ‘प्रस्थान मागे टाकून जायचं नसतं!’ बरं, मग सगळेच थांबू या? ‘आम्ही कशाला? आम्ही कुठं प्रस्थान ठेवलंय? प्रस्थान तुमचं, अडलात तुम्ही!’ आता या तर्कात दोष काढून दाखवा! न्यायशास्त्र शिकलेला माणूस मी, मला सापडला नाही. रिक्षा गेल्या. सुभानराव मागं वळून ओरडले, ‘या मागाहून!’ कल्पना माझी, तिकिटं माझी, आणि फाटकात हात हलवत उभा मी!

दुसऱ्या दिवशी बॅग आली, वर पेढे. मी मोबाइल घेऊन नवी तिकिटं शोधायला बसलो, तर संयोगितानं तो अलगद काढून घेतला. म्हणाली, ‘राहू दे ना आग्रा. घरात कोणी नाही, तुमच्या लक्षात आलंय का?’

खरंच की!

शुक्रवारी सकाळी रिक्षा केली आणि गेलो प्रतापनगरला, हजिऱ्यावर. अकबराच्या वेळचा मकबरा आहे, विटांचा, अष्टकोनी, वर घुमट. मुघलच की तो! आणि जन्म गेला या गावात, आम्ही कधी पायरी चढलो नव्हतो. जाळीतून ऊन आत आलेलं, पारव्यांचं घुमणं, आणि दुसरं माणूस नाही. ती पायरीवर बसली. म्हणाली, ‘ताजपाशी तुम्ही व्याख्यान दिलं असतं.’ म्हटलं, ‘इथे नाही देत.’ म्हणाली, ‘द्या थोडंसं.’ ...तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षांत इतका चांगला श्रोता मिळाला नव्हता.

मी नुकता घुमटापर्यंत पोचलो होतो, आणि फोन! ‘जावईबापू! ताजला टाळं!’ म्हटलं, ‘अहो, ताज शुक्रवारी बंदच असतो, म्हणून तर मी गुरुवार ठेवला होता!’ ‘ते खरं, पण आग्र्याला येऊन मराठी माणसानं आधी किल्ला पाहायचा की कबर? महाराज जिथं ताठ उभे राहिले ती जागा आधी! म्हणून काल किल्ला केला, आज ताज... आणि ही म्हणते, पंचांगात तर शुक्रवार उत्तम होता!’ मग आवाज एकदम मऊ. घोड्यावरून उतरला म्हणा ना! ‘आमचं जाऊ द्या हो. पण तिकडे तुम्ही दोघंच... दोघंच राहिलात, जिवाला चैन पडेना. प्रतापसिंहानं आजच्याच गाडीची तिकिटं मिळवलीत. स्टेशनवरून सगळे थेट तुमच्याकडेच येतो!’

संयोगितानं माझ्याकडे पाहिलं. मी घुमटाकडे पाहिलं. म्हटलं, ‘या, आबासाहेब... भात किती जणांचा लावू?’